नाकतोड्याचं नाक

"जावईबापू, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. तुमचाच काय, आजवर कुणाचाच बसलेला नाही. तेव्हा बसवून घ्यायच्या भानगडीत पडूच नका. नुसतं ऐका."

असं म्हणून मी बाटलीचं बूच ओढलं. चांगला भरीव आवाज झाला. बूच टेबलावर ठेवायचं राहून गेलं, सवयीनं ते माझ्या हातातच राहिलं.

भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे बारा वाजत होते. हे घड्याळ मला हॉटेलातून निवृत्त होताना मिळालं. खाली पितळी पट्टी आहे, 'चाळीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल'. लेक आणि तिची आई जेवणाआधी पाव आणायला निघाल्या होत्या. चपला पायात सरकवता सरकवता ही दारातून म्हणाली, "अहो, मटण आचेवर आहे. झाकणाचा आवाज येतोय तोवर ठीक. थांबला की उठा आणि पाणी घाला."

"अगं, आवाज कशाला? इथं बसल्या बसल्या नाकानं सांगतो मी, कांदा विरघळला की नाही ते."

हिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं, आणि "आवाज," एवढंच बोलून दार ओढून घेतलं.

आमचा जावई होऊन त्याला तीनच महिने झालेले. चष्म्याची भिंगं घासायचं त्याचं काम. बोलायला कमी, बघायला जास्त. सासरा म्हणजे शहरातलं एक नंबरचं नाक, चाळीस वर्षं वाइन वाढली, असं लेकीनं त्याला भरवून ठेवलेलं. म्हणून बिचारा आज बाटली घेऊन आला होता. दुकानदारानं त्याला सांगितलं होतं की ही भरल्या अंगाची लाल आहे, आणि सासऱ्यासमोर ते शब्द उच्चारताना त्याचे कान वाइनच्याच रंगाचे झाले होते.

"बाबा, भरल्या अंगाची म्हणजे... म्हणजे नेमकं काय? आणि ती कशाबरोबर घ्यायची?"

मी दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली. पेला खिडकीकडे धरला. कडेला जांभळी, मधे काळी. पेला कलता करून सरळ केला तर काचेवरून जाड ओघळ सावकाश उतरले, घाई नसलेल्या माणसासारखे. मग मी पेल्यात नाक घातलं, डोळे मिटले.

"अं. काळ्या मनुका. मिरी. जुनं चामडं. आणि मागे थोडा धूर."

"मला तर नुसता वाइनचा वास येतोय," जावई म्हणाला.

"येईल, सवयीनं येईल. आता घोट घ्या. गिळू नका, तोंडात फिरवा. पाणी तोंडात घ्या आणि साईचं दूध घ्या. दोन्ही पातळच, पण दूध जिभेवर बसकण मारतं की नाही? त्याला अंग म्हणायचं. हिचा घोट नसतो, घास असतो."

"फार तुरट आहे हो."

"असायलाच हवी. कच्चं केळं खाल्ल्यासारखी हिरड्यांना धरते. म्हणून तर हिला मटण लागतं. ही जिभेला पकडते, मटणाची चरबी येऊन ती पकड सोडवते. की पुढचा घास, की पुन्हा पकड. चांगल्या संसारात एकानं धरायचं, एकानं सोडवायचं, तसं. जुनं कडक चीज चालेल. लोण्यात परतलेली अळंबी चालेल. तिखटजाळ नको, घशात वणवा पेटतो. गोड नको, हीच आंबट होऊन बसते. आणि मासळी तर मुळीच नको. मासळीपासूनच तर गोष्ट सुरू होते."

"आणि पांढरी वाइन?"

"पांढरी म्हणजे पाणी. हलकी लाल म्हणजे रंगीत पाणी. आपल्यापुढे ही एकच."

जावयानं मान डोलवली. तो खुर्ची सरकवून नीट बसला. त्याचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं, माझी पाठ. आत झाकण छान खडखडत होतं. मी सुरुवात केली.

आमचं हॉटेल बारा टेबलांचं. वाइन सांगायची ती मी, उघडायची ती मी, वाढायची ती मी. तेव्हा माझं नाक असं होतं की तिसऱ्या गल्लीत कुणी लिंबू कापलं तर इथं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्यानं काल काय खाल्लं होतं ते मी ओळखायचो, आणि बरोबरच्या बाईंना कळू नये म्हणून हळूच त्याच्या कानात सांगायचो. मालकीणबाई म्हणायच्या, "आमच्या हॉटेलला पाटी नसली तरी चालेल, हे नाक दारात उभं केलं की झालं."

आमच्याकडे एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. बाटली उघडली की तिचं बूच बशीत ठेवायचं आणि बशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत सरकवायची. आत भट्टीवर ही. तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ही बूच हुंगायची आणि त्यावरून ठरवायची, मटण उतरवायचं की आणखी दोन मिनिटं ठेवायचं, मिरी वाढवायची की लोणी. दोघांनी एक शब्द बोलायचा नाही, पण बाहेरचा पेला आणि आतली थाळी टेबलावर भेटले की असं वाटायचं, ही मंडळी लहानपणापासून एकाच आळीत वाढलेली.

आणि मग नाकतोडा आला.

मालकीणबाईंनी माझ्या हाताखाली म्हणून त्याला घेतलं. उंच, काटकुळा, चालताना गुडघे पुढं काढायचा, आणि चेहऱ्याच्या आधी नाक यायचं. नाकतोडा हे नाव मीच ठेवलं. त्याला राग आला नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच आठवड्यात ताजी, तेलानं तुकतुकणारी मासळी आली. दुपारच्या बड्या टेबलासाठी मालकीणबाईंनी मला विचारलं, "हिच्याबरोबर काय देतोस?" मी छातीठोक सांगितलं, "जड लाल. बडं टेबल, बडी वाइन." कोपऱ्यात पेले पुसत असलेला हा पठ्ठ्या म्हणाला, "नको, बाई. लोखंडासारखी लागेल."

मालकीणबाईंनी मासळीचा एक तुकडा तोंडात टाकला, वर लालचा घोट घेतला. त्यांचं तोंड असं झालं की काय सांगू!

"अरे, खिळा चाटल्यासारखं लागतंय!" त्या म्हणाल्या आणि खो खो हसत सुटल्या. ते ठीक. मालकीण आहे, हसणारच. पण खिडकीत उभी राहून हीसुद्धा हसली.

"आई हसल्या?" जावयानं विचारलं.

"पदर तोंडाला लावून. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते डॉक्टरच्या हातचं नव्हतं."

पुढचे सहा महिने मी जळलो. जळफळाट हा शब्द कुणीतरी दुरून बघून केलेला आहे, आतून त्याला फळबिळ काही नसतं. मी त्याच्या ॲप्रनच्या खिशात कांद्याच्या चकत्या ठेवल्या. तो म्हणाला, "कालचा कांदा आहे." मी त्याच्या रुमालावर मिरपूड शिंपडली. तो सात वेळा शिंकला आणि म्हणाला, "मिरी मागच्या हंगामातली आहे, बदला." एकदा बूच हुंगून तो मला म्हणाला की ज्यानं हे पिंप बांधलं त्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं. मी चौकशी केली. झालं होतं.

जावई हसला. पण हसता हसता माझ्या खांद्यावरून त्यानं पलीकडे पाहिलं. "बाबा, ते मटण..."

"आहे माझं लक्ष. कांदा आत्ता कुठं विरघळतोय. घमघमाट सुटलाय नुसता."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. भिंगात ओरखडा दिसतोय का असं बघावं, तसं. मग म्हणाला, "पुढं?"

पुढं त्या हिवाळ्यात शहरात तापाची साथ आली. नाकतोडा आठ दिवस अंथरुणाला खिळला. परत आला तो हडकलेला, पण हसतमुख. मी मनात म्हटलं, ताप येऊनही याचं नाक मेलं नाही. आणि मग दोन दिवसांनी तळघरात मी एक बाटली उघडली. उघडल्या उघडल्या मला कळलं की बूच कुजलंय. ओल्या गोणपाटाचा असा भपकारा की तळघरातले उंदीर शिंकले. मी मुद्दाम काही बोललो नाही. ती बाटली त्याच्या नाकाखाली धरली.

त्यानं डोळे मिटले. लांब श्वास घेतला. आणि म्हणाला, "वा. काळ्या मनुका."

"म्हणजे त्याचं नाक..." जावई म्हणाला.

"गेलं होतं. तापाबरोबर गेलं. वास म्हणून राहिला नव्हता. जीभ होती, पण जिभेला समजतं किती? आंबट, गोड, खारट, कडू. बाकी सगळं नाक सांगतं. कोवळी पांढरी त्याला पाणी लागायची. हलकी लाल म्हणजे रंगीत पाणी. फक्त जड लाल तोंडात आली की काहीतरी आल्यासारखं वाटायचं. तिचं वजन कळायचं, तुरटपणा हिरड्यांना धरायचा. तो वास नाही, तो स्पर्श आहे. आंधळ्यानं भिंत चाचपावी तसा तो तिला चाचपायचा. तेव्हापासून तो जड लालचाच भक्त झाला. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय याची आवड आहे!"

मी घोट घेतला. तोंडात फिरवला.

"आणि तुम्ही काय केलंत?" जावयानं विचारलं. "मालकीणबाईंना सांगितलंत?"

"तोंडावर आलं होतं. सहा महिने ज्याची वाट बघितली ते ताटात वाढून आलेलं. नुसतं वर जाऊन म्हणायचं, बाई, तुमच्या नाकाचं नाक गेलंय. तो त्याच दिवशी रस्त्यावर, आणि मी पुन्हा एक नंबर. पण तो तळघरात असा उभा होता, बाटली हातात, डोळे मिटलेले, आणि माझ्या तोंडून काही येतंय का याची वाट बघत. पापण्या थरथरत होत्या हो. मी बूच घेतलं, अंगठ्याच्या नखानं त्यावर दोन चिरा पाडल्या आणि ते त्याच्या अंगठ्याखाली ठेवलं. म्हटलं, दोन म्हणजे खराब. एक म्हणजे चांगली. यापुढं बाटली मी उघडेन, तुम्ही वाढा."

"तुम्ही?"

"काय तुम्ही?"

"तुम्ही त्याला 'तुम्ही' म्हणायचात? तो तुमच्या हाताखाली होता ना?"

"माणूस संकटात असला की मी अहोजाहो करतो. तुम्ही मधेमधे बोलू नका, गोष्टीचा धागा तुटतो."

जावयाची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली आली आणि हातावर थांबली. हातात आजच्या बाटलीचं बूच होतं. माझा अंगठा त्यावरून फिरत होता. मी तो थांबवला.

"पाणी पिऊन येतो," तो म्हणाला.

"अहो, ऐन भरात आलीय गोष्ट!"

पण तो गेला. आत कसलातरी आवाज झाला, नळाचा असेल. परत आला तेव्हा त्याचे डोळे पाणावलेले होते. त्यानं खिडकी सताड उघडली.

"उकडतंय का?"

"जरा," तो म्हणाला आणि बसला. "सांगा बाबा."

तीन वर्षं असं चाललं. शहरात कुणाला पत्ता नाही. मी बाटली उघडायची, हुंगायची, नखानं चीर पाडायची. त्यानं बूच हातात घ्यायचं, अंगठा फिरवायचा, मग पेल्यात नाक घालून डोळे मिटायचे आणि ठरलेलं बोलायचं. काय बोलायचं ते त्यानं पाठ केलं होतं. लोक खूश. मालकीणबाई खूश. आणि मी? मला वाटलं होतं, आता जळणं संपलं. माझं संपलंही. मग त्याचं सुरू झालं.

रोज सकाळी अकराच्या सुमाराला भट्टीवरच्या मोठ्या पातेल्याचं झाकण निघायचं. वाफ वर यायची. ही आतून वाकायची, खिडकीतून तो वाकायचा, आणि...

"तो?"

"मी. मी वाकायचो. तर, वाफ वर आली की दोघं एकाच वेळी मान मागं घ्यायचे आणि एकमेकांकडे बघायचे. बोलणं काही नाही. नुसतं 'हं.' त्या 'हं'मध्ये सगळं असायचं. मिरी पुरे झाली, हाड सुटलं, आज जड लालच उघडा. तिसरा माणूस तिथंच फडक्यानं पेले पुसत उभा. त्याच्याही तोंडावर ती वाफ यायची. गरम आणि ओली. बस्स. बहिऱ्याला गाण्याच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसवावं आणि भोवतालच्या लोकांनी माना डोलवाव्यात, तसं. एकमेकांना हात लावायचे नाहीत, चोरून बघायचे नाहीत. तसं काही असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. एका 'हं'शी माणूस भांडणार कसा?"

जावयानं पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "पण बाबा, बायको तर तुमची. वाकायचात तुम्ही, हं म्हणायचात तुम्ही. मग त्यानं कशाला जळायचं?"

"जळणाऱ्याला नातं लागतं का?"

"आणि त्याला आत काय वाटायचं, ते तुम्हाला इतकं कसं ठाऊक?"

"चेहरा वाचता येतो मला. तुम्ही भिंगं वाचता, मी चेहरे वाचतो." मी त्याच्या पेल्यात आणखी ओतली. "घ्या. आता हवा लागून खुललीय. मागे थोडा धूर लागतोय बघा."

"धूर आहे खरा," जावई म्हणाला.

"बघा! म्हटलं नव्हतं, सवयीनं येतो?"

मग तो दिवस आला. मालकीणबाईंच्या भावाचं दुपारचं जेवण, बारा माणसं, पांढरीशुभ्र चादर. आत भट्टीवर पहाटेपासून मटण शिजत होतं. भावाला जड लालच हवी होती, आणि मालकीणबाईंनी त्याच्यासाठी राखून ठेवलेली जुनी बाटली आली. कोपऱ्यातल्या मेजावर उघडली. ओलं गोणपाट. बुचावर दोन चिरा पडल्या आणि ते नाकतोड्याच्या हातात गेलं.

त्यानं अंगठा फिरवला. एक. दोन. स्पष्ट दोन होत्या.

नेमकं त्याच वेळी खिडकीत झाकण निघालं. वाफ, मान मागं, 'हं.' आणि त्या दिवशी 'हं'वर थांबलं नाही, दोघं हसले. कशाला हसले कोण जाणे, मटण मनासारखं झालं होतं म्हणून हसले असतील. तो मेजापाशी उभा. हातात बाटली. त्याच्या मनात आलं, किती वर्षं यांच्या नाकावर जगायचं? वाफ यांची, वास यांचा, हसणं यांचं, आणि आपल्या वाट्याला नखाच्या चिरा. त्यानं दुसऱ्या चिरेवर अंगठा घासला. घासता घासता स्वतःला समजावलं, ही चीर नाहीच, बुचाचीच भेग आहे. एकच खूण आहे. चांगली आहे. आणि चालत पाहुण्यांच्या टेबलापाशी गेला.

"मुद्दाम?" जावयानं विचारलं.

"मुद्दाम म्हणा, हट्टानं म्हणा. जळत असलेल्या माणसाला स्वतःलाही कळत नाही."

त्यानं पाहुण्याच्या पेल्यात ओतली, स्वतःच्या पेल्यात घोटभर घेतली, नाक घातलं, डोळे मिटले आणि बारा माणसांसमोर म्हणाला, "अप्रतिम. काळ्या मनुका. मिरी. जुनं चामडं. आणि मागे थोडा धूर."

पाहुण्यानं पेला उचलला.

आता काय होणार ते मला दिसत होतं. एक घोट, आणि भरल्या टेबलासमोर त्याचं नाक कापलं जाणार. शहरभर होणार. बायकोसमोर होणार. तेवढ्यात मी गुडघे पुढं काढत लांब ढांगा टाकत गेलो आणि टेबलाला असा काही धडकलो की बाटली आडवी, पाहुण्याचा पेला आडवा, सगळी लाल त्या पांढऱ्या चादरीवर, आणि चादरीवरून पाहुण्याच्या मांडीवर. बारा माणसं उभी राहिली. मी म्हणालो, "माफ करा, पाय अडकला." पाय कशात अडकणार? तिथं काहीसुद्धा नव्हतं. मालकीणबाईंनी जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "ॲप्रन काढ. चालायला लाग."

"काढलं? त्याच दिवशी?"

"त्याच दुपारी. मटण टेबलावर जायच्या आत. आणि मी एक अक्षर बोललो नाही. म्हटलं होतं ना, विश्वास बसणार नाही? ज्याच्यावर मी जळत होतो त्याच्यासाठी मी स्वतःची भाकरी सोडली. मी!"

मी पेला खाली ठेवला. गोष्ट झकास उतरली होती. इतकी नीट मी ती कधीच सांगितली नव्हती. जावई भिंतीकडे बघत होता.

"बाबा, ते घड्याळ..."

"त्याचं काय?"

"चाळीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल."

"कोरणाऱ्याची चूक. त्यांना काय, पितळ शिल्लक राहिलं की चार अक्षरं जास्त कोरतात. नंतर बोलावलं मला परत. मालकीणबाईच आल्या होत्या, नाक मुठीत धरून."

"आणि नाकतोडा? तो राहिलाच तिथं? मग पुढं त्याला बुचावर खूण कोण करून द्यायचं?"

"असेल कुणीतरी. बूच बशीतून आत जायचंच. आता जायचं तसं ते परतही यायला लागलं. आत भट्टीवर कुणीतरी असतंच की."

"आई असतील," जावई म्हणाला.

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. घर फारच शांत वाटत होतं. काहीतरी मघापासून थांबलं होतं, पण काय ते माझ्या ध्यानात येईना.

"तो काही बोलला का हो? जाताना?"

"कोण?"

"नाकतोडा."

"काय बोलणार? ॲप्रन काढला. त्याची नीट घडी घातली, चार पदरी, जसा काही उद्या पुन्हा लागणार आहे. खुंटीला अडकवायचा सोडून माझ्या हातात दिला. मागच्या दारानं गेला. जाताना खिडकीपाशी एक पाऊल थांबला, आत वाकला, पातेल्यावरची वाफ घेतली आणि म्हणाला, हं. एवढंच. माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर..."

मी थांबलो.

जावई थांबलेलाच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, ते एक बरं केलं. टेबलावरून हात पुढं केला आणि माझ्या बोटांतलं बूच अलगद काढून घेतलं. चारी बाजूंनी फिरवून बघितलं. कुठंच काही नव्हतं, गुळगुळीत होतं, ते मला तासाभरापासून ठाऊक होतं. मग त्यानं अंगठ्याचं नख लावलं आणि दाबून एक चीर पाडली. एकच. बूच पुन्हा माझ्या अंगठ्याखाली ठेवलं.

जिन्यात लेकीचा आणि तिच्या आईचा आवाज आला. बोलत बोलत वर येत होत्या. मधल्या वळणावर हिचे शब्द एकदम थांबले आणि पावलं भरभर झाली.

"वाइन चांगली आहे, बाबा," जावई म्हणाला. "मटण मात्र केव्हाचं करपलंय, मीच आत जाऊन आच बंद केली. नाक नाकतोड्याचं गेलं नव्हतं."